जुन्या तबकडीला न्याय

जुनी ध्वनिमुद्रिका ऐकताना बहुतेकांच्या तोंडून पहिले वाक्य निघते ते गायकाविषयी असते. ‘आवाज किती बारीक!’, ‘गाणे किती घाईचे!’, ‘एवढे नावाजलेले गायक, आणि ते असे गात होते?’ हा निकाल ताबडतोब दिला जातो आणि बहुधा तो चुकीचा असतो. तबकडीतून जे ऐकू येते त्यात गायकाचा वाटा किती, यंत्राचा किती, काळाचा किती आणि ती तबकडी सांभाळणाऱ्याचा किती, याची फोड ऐकणाऱ्याने केलेली नसते. माझ्या मते ही फोड करणे म्हणजेच जुनी तबकडी ऐकणे होय. संग्रह करणे ही त्यानंतरची गोष्ट. येथे काही थोड्या मुद्रिकांच्या आधारे हे सांगण्याचा प्रयत्न आहे. त्यात माझ्या हातून घडलेल्या दोन चुकांचा हिशेबही द्यावयाचा आहे.

पहिली चूक कानाची. १९९० नंतरच्या दशकात आखाती देशात नोकरीला असलेल्या एका नातेवाइकाने मला एक कॅसेट आणून दिली. रोममधील सिस्टीन चॅपेलच्या गायकवृंदातील अलेस्सांद्रो मोरेस्की यांचे १९०२ व १९०४ या वर्षी मुद्रित झालेले गायन तिच्यात होते. नाताळानंतरच्या एका संध्याकाळी आमच्या कॉयरची मंडळी घरी जमली असता मी ती लावली. बाख आणि गुनो यांच्या नावाने ओळखली जाणारी ‘आवे मारिया’ आम्हा सर्वांच्या ओळखीची. लग्नाच्या मिस्सात ती कितीतरी वेळा ऐकलेली. परंतु यंत्रातून जो आवाज आला तो पुरुषाचा नव्हता, स्त्रीचा नव्हता आणि लहान मुलाचाही नव्हता. वरच्या स्वरावर जाताना गायक खालून हुंदका दिल्यासारखी उडी घेत होता. तरुण मंडळी हसू लागली. मीही हसलो आणि वर म्हणालो, “पोपच्या चॅपेलात याहून बरा कोणी नव्हता काय?”

कॉयरमध्ये चाळीस वर्षे गाणाऱ्या एक मावशी मात्र हसल्या नाहीत. मोरेस्कींची हकीकत मी थोडक्यात सांगितली, तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “कुणाचं पोर रे ते?”

हसणे तेथेच थांबले. तो प्रश्न माझ्या मनातून आजवर गेलेला नाही.

मोरेस्कींचा जन्म १८५८ सालचा, रोमजवळच्या एका लहान गावातला. १८८३ मध्ये ते सिस्टीन चॅपेलच्या गायकवृंदात दाखल झाले. ‘कास्त्राती’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गायकांपैकी ते होते. बालवयातच शस्त्रक्रिया करून या मुलांचा कोवळा आवाज फुटू दिला जात नसे. शरीर वाढे, छाती पुरुषाची होई, आणि कंठ मात्र मुलाचा राही. ही प्रथा कशी बोकाळली, याचे एक कारण आपल्याला जवळचे आहे. चर्चमधील गायकवृंदात स्त्रियांना स्थान नव्हते आणि उपासनेच्या संगीताला उंच स्वर तर हवे होते. पोप दहावे पायस यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, म्हणजे संगीताची आश्रयदाती संत सिसिलिया हिच्या सणाच्या दिवशी, पवित्र संगीताविषयी जो आदेश काढला, त्यातही उंच स्वरांसाठी मुलांचे आवाज घ्यावेत असेच म्हटले होते. स्त्रियांना तेव्हाही जागा मिळाली नाही. ज्या मावशींनी तो प्रश्न विचारला, त्यांच्याच आवाजाची जागा भरून काढण्यासाठी कधी काळी कुणाचे तरी पोर असे घडवले जात होते, हे माझ्या फार उशिरा ध्यानात आले.

आता मुद्रिकेकडे वळू. १९०२ च्या एप्रिल महिन्यात ग्रामोफोन कंपनीचे तंत्रज्ञ फ्रेड गायसबर्ग आपल्या भावासह व्हॅटिकनमध्ये गेले आणि तेथे त्यांनी सिस्टीन चॅपेलचा गायकवृंद व मोरेस्की यांचे गायन मुद्रित केले. त्या वेळी मायक्रोफोन नव्हता. गायकाने एका मोठ्या कर्ण्यात तोंड धरून गावे, कर्ण्याच्या दुसऱ्या टोकाचा पातळ पडदा थरथरावा आणि त्याला जोडलेल्या सुईने मेणाच्या तबकडीवर रेघ कोरावी, एवढीच ती व्यवस्था. स्वर मोठा लावला तर सुई उडे, म्हणून गायकाला तार स्वराच्या वेळी मागे सरकावे लागे. हळू स्वर लावला तर तो कोरलाच जात नसे. चॅपेलच्या उंच छताखाली उभे राहून गाण्याची सवय असलेल्या माणसाला कर्ण्यात गाण्यास सांगणे म्हणजे नदीत पोहणाऱ्याला पिंपात उतरवणे होते.

शिवाय हा कर्णा साधारणपणे २५० ते २,५०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा पकडी. माणसाचा निरोगी कान २० ते २०,००० हर्ट्‌झपर्यंत ऐकतो. उंच आवाजाला गोलाई व तेज येते ते मूळ स्वराच्या वर उमटणाऱ्या उपस्वरांमुळे, आणि ते उपस्वर बहुतांशी कर्ण्याच्या पट्ट्याबाहेर पडतात. म्हणजे त्या काळच्या भारदस्त पुरुषी आवाजांपेक्षा मोरेस्कींसारख्या आवाजावर या यंत्राने अधिक अन्याय केला. आपल्याला जो पोकळ, कोरडा सूर ऐकू येतो, त्यातला मोठा भाग यंत्राचा आहे.

दुसरी गोष्ट वेगाची. मिनिटाला ७८ फेरे हे प्रमाण सर्वत्र रूढ व्हायला त्यानंतर बरीच वर्षे जावी लागली. आरंभीच्या तबकड्या कमीअधिक वेगाने मुद्रित झालेल्या आहेत. मिनिटाला चार-पाच फेऱ्यांचा फरक पडला की सूर सुमारे अर्ध्या स्वराने वर किंवा खाली जातो आणि लयही त्याबरोबर बदलते. ७४ फेऱ्यांनी मुद्रित झालेली तबकडी ७८ ने वाजवली, तर गायक घाईत असल्यासारखा वाटतो आणि त्याचा आवाज चिरका होतो. जाणकार संग्राहक म्हणूनच रचनेची मूळ पट्टी ताडून वेग ठरवतात. हे न करता दिलेला निकाल ग्राह्य धरता येत नाही.

यंत्राचे आणि वेगाचे दोष वजा केल्यावर काय उरते? उरतो तो हुंदका. तो यंत्राचा नाही. ती मोरेस्कींची स्वतःची लकब होती की रोममधील गायकांची जुनी परंपरा, याबद्दल जाणकारांत एकमत नाही. एकमत होणेही कठीण, कारण कास्त्राती गायकांपैकी ज्याचे एकट्याचे गायन मुद्रित झाले असा हा एकच गायक. तुलनेला दुसरा नाही. मला एवढेच म्हणावयाचे आहे की १९०२ च्या मुद्रिकांत जो गायक बिचकलेला, सुराला हिसका देणारा वाटतो, तोच १९०४ च्या ‘आवे मारिया’त कितीतरी स्थिर आहे. दोन वर्षांत यंत्राची ओळख झाली असावी. त्या गीतात शेवटाकडे जो चढता भाग आहे, तेथे आवाज भरत जातो, थरथरत नाही, आणि वरच्या स्वरावर क्षणभर उभा राहतो. तो क्षण मी आता पुन्हा पुन्हा ऐकतो. त्यात सौंदर्य आहे, हे मला प्रामाणिकपणे कबूल केले पाहिजे.

आणि येथेच खरी अडचण आहे. एका मुलावर झालेल्या अन्यायातून जन्मलेल्या सौंदर्याचा आस्वाद घ्यावा काय? काही रसिक म्हणतात, कला ही कला आहे, तिच्या जन्मकथेशी आपल्याला कर्तव्य नाही. काही म्हणतात, अशा मुद्रिका ऐकूच नयेत. मला दोन्ही मते सोयीची वाटतात. पहिले मत माणसाला विसरते आणि दुसरे त्याला दुसऱ्यांदा गप्प करते. मोरेस्कींना जे मिळाले नाही ते आपण आता देऊ शकत नाही. पण कोणाचे पोर ते, हे ध्यानात ठेवून त्यांचे गाणे शेवटपर्यंत ऐकू शकतो. आस्वाद आणि साक्ष ही दोन्ही कामे एकाच कानाने करता येतात, असा माझा अनुभव आहे.

हेच गायसबर्ग त्याच वर्षी कलकत्त्याला आले. नोव्हेंबर १९०२ मध्ये त्यांनी गौहर जान यांचे गायन मुद्रित केले. गौहर जान या आर्मेनियन वंशाच्या ख्रिस्ती कुटुंबात अँजेलिना या नावाने जन्मल्या होत्या. आई मलका जान यांच्याबरोबर त्यांनी इस्लाम स्वीकारला आणि तवायफांच्या परंपरेत त्या गायिका झाल्या. त्यांच्या आरंभीच्या मुद्रिकांच्या शेवटी त्या मोठ्याने इंग्रजीत आपले नाव सांगतात. आज ते ऐकून गंमत वाटते. कारण व्यवहाराचे होते. मेणाच्या मूळ तबकड्या छापण्यासाठी जर्मनीतील हॅनोवरला जात आणि तेथील कामगारांना गायिका कोण हे कळावे, म्हणून ही घोषणा होई. पण मला त्या घोषणेत आणखी एक गोष्ट ऐकू येते. ज्या बाईचे गाणे प्रतिष्ठितांना हवे होते पण जिला घरात मानाने बसवणे त्यांना नको होते, तिचे नाव तबकडीबरोबर त्याच प्रतिष्ठितांच्या दिवाणखान्यात शिरले. एका वर्षात या यंत्राने रोम आणि कलकत्ता येथे जे दोन आवाज टिपले, ते दोन्ही समाजाने वापरलेले आणि बाजूला ठेवलेले होते.

गौहर जान यांच्या मुद्रिका ऐकताना काळाचा दोष ओळखावा लागतो. काळ म्हणजे येथे मिनिटे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. जो ख्याल बैठकीत तासभर चाले, त्याला तीन मिनिटांत आलाप, बंदिश, ताना आणि समाप्ती सारे करायचे. म्हणून गाणे धावते. ते मैफलीचे संक्षिप्त रूप आहे असे समजून ऐकले, तर निराशाच पदरी येते. तो स्वतंत्र प्रकार मानावा. कादंबरीचा सारांश आणि लघुकथा यांत जो फरक आहे, तोच येथे आहे. चांगल्या गायकांनी हे लवकर ओळखले आणि तीन मिनिटांसाठी वेगळी बांधणी केली.

उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. त्यांच्या १९०५ च्या सुमाराच्या मुद्रिका कर्ण्याच्या काळातील आहेत, तर १९३० च्या दशकातील मुद्रिका मायक्रोफोनच्या काळातील. पहिल्या मुद्रिकांतील गायक चपळ आणि काहीसा कठोर वाटतो. दुसऱ्या मुद्रिकांत तोच गायक स्वराला जणू बोटाच्या टोकाने स्पर्श करतो. वयाचा आणि साधनेचा फरक त्यात आहेच. पण हळू लावलेला स्वर टिपू शकणारे यंत्र आले नसते, तर किराणा घराण्याच्या या नाजूक स्वरलगावाची साक्ष आपल्यापर्यंत पोहोचली नसती. तीन मिनिटांत ते घाई करीत नाहीत. सांगायच्या गोष्टी कमी करतात आणि प्रत्येकीला जागा देतात. मिरजेच्या दर्ग्यात चिरविश्रांती घेणाऱ्या या गायकाकडून मुद्रिकेपुरता जर एकच धडा घ्यायचा असेल, तर तो हा.

माझी दुसरी चूक याच ठिकाणी घडली. ती हाताची. माझे वडील चर्चमध्ये व्हायोलिन वाजवीत आणि घरी चावीच्या फोनोवर शास्त्रीय संगीत ऐकत. त्यांच्या पेटीत शंभरावर तबकड्या होत्या. त्यांत अब्दुल करीम खाँ यांच्या भैरवीतील ठुमरीची तबकडी त्यांना सर्वांत प्रिय. ते गेल्यावर एका पावसाळ्यात तिच्यावर बुरशी दिसली. मी कापसावर स्पिरिट घेऊन ती मनापासून पुसली. तकाकी गेली, पृष्ठभाग धुरकट झाला आणि नंतर वाजवली तेव्हा सुरांवर सतत एक फसफस ऐकू येऊ लागली. घरी कामाला आलेल्या सुताराला हे सांगितले, तर तो म्हणाला, “मास्तर, आम्ही चपडा लाख स्पिरिटातच विरघळवतो. तिचंच पॉलिश होतं.” त्या तबकड्या लाखेच्याच असतात, हे मला पुस्तकातून ठाऊक होते. पळस, कुसुम आणि बोरीच्या झाडांवरील कीटकांपासून मिळणारी ती लाख. ठाऊक असून हातांना मात्र कळले नव्हते.

आता ती ठुमरी ऐकताना जी फसफस येते ती गायकाची नाही, यंत्राची नाही, काळाचीही नाही. ती माझी आहे. पण उद्या ही तबकडी दुसऱ्या कोणाच्या हाती गेली, तर तो म्हणेल, खाँसाहेबांचे मुद्रण काही चांगले नाही. म्हणून तिच्या पाकिटावर मी माझी चूक तारखेसह लिहून ठेवली आहे. संग्राहकाने वहीत केवळ मालकीची नोंद करू नये. आपल्या हातून काय बिघडले, हेही लिहावे.

संग्रहाचा विषय निघाला की गोव्यातील केरी गावच्या सुरश्री केसरबाई केरकर (१८९२–१९७७) यांची आठवण अपरिहार्य आहे. कलावंत समाजात जन्मलेल्या या गायिकेने उस्ताद अल्लादिया खाँ यांच्याकडे वर्षानुवर्षे कठोर तालीम घेतली. ध्वनिमुद्रणाविषयी त्या साशंक होत्या आणि त्यांच्या मुद्रिका त्यांच्या कीर्तीच्या मानाने थोड्या आहेत. १९७७ साली अमेरिकेने सोडलेल्या दोन व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी ठेवली आहे. पृथ्वीवरील संगीताच्या २७ नमुन्यांत बाख, मोझार्ट आणि बेथोव्हेन यांच्या रचनांबरोबर केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. दुसरे यान ५ सप्टेंबरला निघाले आणि १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या. दोन्ही याने आता सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर गेली आहेत.

हा गौरव मोठा आहे, परंतु समीक्षकाने त्याने दिपून जाऊ नये. त्या भैरवीत मोकळा, भरदार आकार आहे, दमसास आहे आणि सुरांवरची निर्विवाद हुकमत आहे. जयपूर घराण्याची रागाची संथ, पेचदार उकल मात्र तीत नाही, आणि साडेतीन मिनिटांत ती असणे शक्यही नव्हते. ताऱ्यांकडे गेली ती केसरबाईंची गायकी नव्हे. तिच्या दारातला एक दिवा गेला. घर किती मोठे होते हे ज्यांनी मैफलीत ऐकले त्यांनाच ठाऊक. त्यांचे गुरू अल्लादिया खाँ यांची तर एकही ध्वनिमुद्रिका नाही. भास्करबुवा बखले यांचीही नाही. खऱ्या संग्राहकाच्या कपाटात या दोघांसाठी रिकामी जागा असावी, असे मला वाटते. जे नाही त्याची जाणीव असली, म्हणजे जे आहे त्यालाच सर्वस्व समजण्याची चूक होत नाही.

आज या सर्व मुद्रिका मोबाइलवर फुकट ऐकता येतात. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. मात्र संगणकाने खरखर पुसताना पुष्कळदा आवाजाचे तेजही पुसले जाते, आणि मुद्रणाचे वर्ष किंवा वेग यांचा पत्ताही नसतो. घरातील पेट्यांत जुन्या तबकड्या असतील, तर त्या भंगारात देण्यापूर्वी एवढे करावे: त्या एकावर एक न रचता उभ्या ठेवाव्यात, स्पिरिट लावू नये, वापरून झिजलेली पोलादी सुई पुन्हा लावू नये, आणि लेबलावरील नाव व क्रमांक वहीत उतरवून घ्यावा.

त्या मावशी आता नाहीत. चाळीस वर्षे त्यांनी चर्चमध्ये गायिले. लग्नघरातली जुनी गाणीही त्यांना पुष्कळ येत. त्यांच्या आवाजाची एकही फीत आमच्यापैकी कोणाकडे नाही. रोमच्या गायकाची कॅसेट आखातातून मागवून घेणाऱ्या माझ्या मनात ही गोष्ट कधी आलीच नाही. त्या संध्याकाळी टेपरेकॉर्डर समोर होता, कोरी कॅसेट कपाटात होती, आणि मावशी खुर्चीत बसल्या होत्या.

आपल्या गावात अशा मावशी, असे काका अजून आहेत. त्यांना गायला सांगा. मुद्रण कितीही साधे असो, गाणे संपल्यावर त्यांना स्वतःचे नाव, आईवडिलांचे नाव आणि गावाचे नाव बोलायला सांगा. शंभर वर्षांनी कोणी ते ऐकून हसला, तर निदान कुणाचे पोर ते, हे त्याला विचारावे लागणार नाही.